चन्नम्माची साक्ष

"सर, हा शब्द न्हाय. ही तर आमची म्हैस."

शिवलीलेने हे हसत म्हटले, आणि तेवढ्यावर ती थांबली असती तर तिचा थट्टेखोर स्वभाव म्हणून मी ते सोडून दिले असते. पण संगणकाच्या पडद्यावर तिचे बोट ज्या नोंदीखाली टेकले होते ती माझी होती. क्रमांक दोनशे सत्त्याऐंशी, उमली : मराठीत फुललेली, विकसलेली, सास्तूर परिसराच्या कन्नडात, दिवस मावळल्यावरही अंगणातल्या दगडात उरणारी ऊब, दोहोंची व्युत्पत्ती भिन्न, साक्ष, च. धाराशिवच्या जिल्हाधिकारी कार्यालयामागच्या गल्लीतले हे टंकलेखनाचे दुकान गेली चार वर्षे माझ्या कोशाची पाने जुळवीत होते. शिवलीला तिथे चार दिवसांपूर्वी नव्याने लागली होती, आणि शेवटच्या दुरुस्त्या करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत सगळी पाने पुण्याच्या छापखान्याकडे पाठवायची होती. मी विचारले, म्हैस म्हणजे काय? ती म्हणाली, "म्हैस म्हंजे म्हैस, सर. आमच्यात कुठलीबी म्हैस येऊ द्या, तिचं नाव उमलीच. आता चौथी हाय. आज्जी दुसरं नावच ठेवू देत न्हाय." तुझी आजी कुठली, असे मी विचारले तेव्हा उत्तर मला आधीच कळले होते. "सास्तूरची. चन्नम्मा. तुमचं हे च. म्हंजे कोण हाय?" मी सांगितले. ती एकदम टाळी वाजवून म्हणाली, "अगं बाई, आमची आज्जी पुस्तकात!" मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिने हात खाली घेतला. "आणि दगडातली ऊब?" मी विचारले. "तिला काय नाव असतंय व्हय सर? ऊन दगड म्हणायचं." 

ज्यांना चन्नम्माखेरीज दुसरी साक्ष नाही अशा नोंदी कोशात एकेचाळीस होत्या. मी त्या एकामागून एक तिला दाखवल्या. काहींवर तिने मान हलवली, काहींवर ती हसली, बहुतेकांवर म्हणाली, "हे ठाऊक न्हाय. मला तरी कन्नड कुठं सगळं येतंय." ना होकार, ना नकार. वादात मी आयुष्यभर प्रतिपक्षाला स्पष्ट बोलायला भाग पाडले. या बावीस वर्षांच्या मुलीच्या प्रामाणिक अज्ञानापुढे मात्र मला एकही प्रश्न सुचेना. पाने उद्यापर्यंत थांबव, एवढे सांगून मी बाहेर पडलो. 

बाहेर ऊन होते. रस्त्याच्या कडेच्या कडुलिंबाखाली दोघे जण अर्ज लिहून देत बसले होते, आणि त्या झाडाकडे पाहताना नेहमीप्रमाणे माझ्या मनात त्याचे दुसरे नाव उमटले : मर. कन्नडात झाड, मराठीत शाप. मने : मराठीत अनेक मन, कन्नडात एक घर. गाळी : इकडे शिवी, तिकडे वारा. बळे : इकडे जबरदस्तीने, तिकडे बांगडी. ऊरु : संस्कृतात मांडी, कन्नडात गाव. असे शब्द मी चाळीस वर्षे गोळा केले, आणि त्यांतून जर काही शिकलो असेन तर ते हे की सारखेपणा हा पुरावा नव्हे. दोन शब्दांचे चेहरे एक असले म्हणून त्यांचे रक्त एक असत नाही. आणि हे सिद्ध करणे हे भावनेचे काम नसून पद्धतीचे आहे. मला ही खोड कशी लागली हे मी कोणाला सांगितलेले नाही. मी सहा वर्षांचा असताना वडील वारले. तेराव्यानंतर आमच्या दारात एक परगावची बांगडीवाली आली. तिला मराठी येत नव्हते. ओसरीच्या टोकाला बसलेल्या मला पाहून तिने हात पुढे केला आणि ती म्हणू लागली, "बा, बा." मी वडिलांना बा म्हणत असे. मी उठून तिच्यामागे चार घरे गेलो. तिच्या भाषेत त्या अक्षराचा अर्थ केवळ 'ये' एवढाच होता हे मला पुढे कितीतरी वर्षांनी समजले. पण त्या चार घरांचे अंतर माझ्या पायांत राहून गेले. पुढे मला असे वाटू लागले की कोणीतरी या सारख्या चेहऱ्यांची नीट, कठोर, शंकेला जागा न ठेवणारी नोंद करायला हवी, म्हणजे दुसरे कोणी असे फसणार नाही. माझे गद्य कोरडे आहे असे लोक म्हणतात. ते मी कष्टाने कोरडे केले आहे.

आणि त्या गद्यातले एक वाक्य आता माझ्याबरोबर चालत होते. प्रस्तावनेच्या चौथ्या प्रकरणाचा सगळा भार त्यावर होता : "ज्याने पुस्तक पाहिले नाही, त्याला पुस्तकासाठी खोटे बोलण्याचे कारण नाही." हे वाक्य मी नऊ वर्षांपूर्वी महालिंगप्पांना वाचून दाखवले होते. ते जळकोटच्या शाळेत शिक्षक होते, घरची भाषा कन्नड, आणि कोशाचा अर्धा कन्नड भाग त्यांनी तपासला होता. ते वाक्य ऐकून त्यांनी सुपारी कातरणे थांबवले. "उमाशंकरराव, कारण न्हाय कसं? तुम्ही शंभर किलोमीटर एसटीत उभं राहून त्या बाईच्या दारात जाता. पाहुण्याला रिकाम्या हातानं कोण लावून देतंय?" मी म्हणालो की शब्द म्हणजे शेंगा नव्हेत. ते म्हणाले, "तिच्याकडं शेंगा नसतील तर?" मग आम्ही दोघेही चिडलो. एका साक्षीदाराच्या शब्दावर नोंद होत नाही असा त्यांचा आग्रह होता. मी उत्तर दिले की सास्तूरमध्ये तो शब्द बोलणारे दुसरे लोक भूकंपात गेले. आता दुसरी साक्ष मागणे हे मेलेल्यांना हजर करा म्हणण्यासारखे आहे. हे उत्तर ऐकून ते गप्प झाले. मी त्यांना गप्प केले, आणि त्यात मला विजय वाटला. त्यानंतर आम्ही भेटलो नाही. त्या दुपारी घरी पोचताना मला प्रथमच जाणवले की ते हरल्यामुळे गप्प झाले नव्हते. मी मेलेल्यांना आडोसा म्हणून पुढे धरले होते, आणि त्यांच्यासारख्या सभ्य माणसाला त्यापुढे काही बोलवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघालो. पिशवीत एकेचाळीस चिठ्ठ्या होत्या, वहीतून त्या त्या दिवशी उतरवलेल्या, जुन्या जाड कागदाच्या, प्रत्येकीवर तारीख. बेंबळी गाव मागे पडले तेव्हा मी त्या मांडीवर काढून तारखा पाहू लागलो, आणि पाहता पाहता मला एक गोष्ट दिसली जी तीस वर्षांत दिसायला हवी होती. भूकंप त्र्याण्णवच्या सप्टेंबरअखेरीला झाला. त्यानंतरच्या थंडीत मी महाविद्यालयाच्या मदतपथकाबरोबर सास्तूरला गेलो आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या चन्नम्माची ओळख झाली. ती आळंदकडची, लग्न होऊन इकडे आलेली, घरात कन्नड बोलणारी. तिचा नवरा शिवप्पा आणि चार वर्षांची मुलगी निंबव्वा घराच्या मातीच्या माळवदाखाली गाडली गेली होती. मोठा मुलगा बसवराज त्या दिवशी मामाकडे होता म्हणून वाचला. त्या थंडीत आणि उन्हाळ्यात तिने मला नव्वदच्या वर शब्द दिले, आणि त्या सगळ्यांना इतरत्र आधार मिळाला. निराधार एकेचाळीस चिठ्ठ्या मात्र एकाही अपवादाशिवाय चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतरच्या होत्या. ज्या रविवारी मी गेलो त्या रविवारची एक. कधीच दोन नाहीत. शेवटच्या चिठ्ठीवर शहाण्णवच्या मार्चची तारीख होती. पुरावा इतका स्वच्छ होता की दुसऱ्या कोणाच्या कामात तो सापडला असता तर मी त्याच्यावर जाहीर लेख लिहिला असता. गाडीत माझ्याशेजारी कोणी तरी तुरीच्या भावाबद्दल बोलत होते. मला घाम आला होता आणि तो घाम मला रागाचा वाटत होता. तिने मला फसवले, असे मी मनाशी म्हणत होतो. लोहाऱ्याला उतरून टमटममध्ये बसेपर्यंत माझे पहिले वाक्य तयार झाले होते.

ते वाक्य मला बोलता आले नाही. पुनर्वसनातल्या सरळ रस्त्यांवर सगळी घरे सारखी असतात. मी दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा एका अंगणात म्हैस बांधलेली पाहून थांबलो. चन्नम्मा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. केस पांढरे झाले होते, कपाळावरचे विभूतीचे पट्टे तसेच. तिने डोळे बारीक केले. "कोण? मास्तर व्हय? या की." आणि मग, शेंगेवरची नजर न काढता, "वाट चुकला जणू. एकुणतीस वर्सं झाली." मी म्हणालो, "अक्का, एक विचारायचं होतं." ती म्हणाली, "इचारायचंच आसतंय तुम्हाला. दुसऱ्या कशाला येताव तुम्ही? बसा. पाणी घ्या."

मी पाणी प्यालो. नंतर पहिली चिठ्ठी काढून वाचली : उमली. तिने म्हशीकडे पाहिले आणि तिला हसू आले. "ते अजून ठेवलाव?" मी म्हणालो की ते छापून येत आहे; पुस्तक होत आहे; आज पाच वाजता ते माझ्या हातातून जाईल. माझा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता. "अक्का, हा शब्द कन्नडातला आहे की नाही?"

"न्हाय."

"मग तुम्ही तसं का सांगितलंत?"

शेंग सोलता सोलता तिचा अंगठा थांबला. "पयल्यांदा तुम्ही जे इचारलं ते समदं खरं सांगितलं. झाड, वारा, घर, समदं. मग दिवाळी झाल्यावर एका आयतवारी तुम्ही म्हणलाव, अजून काय हाय का? म्या म्हणले, न्हाय, झालं. तुम्ही वही मिटली आन् बूट घालायला लागलाव. बूट घालताना तुम्ही माझ्याकडं बघितलं बी न्हाय. मला लई वंगाळ वाटलं. मग म्या म्हणले, मास्तर, थांबा, अजून एक हाय. तुम्ही बूट काढून पुन्हा बसलाव." तिने सोललेले दाणे पाटीत टाकले. "तवा लई माणसं यायची. किती मेली, घर केवढं होतं, लिहून घ्यायची, फोटू काढायची, जायची. तुम्हीच एकटे असे, की घरात ह्याला काय म्हणत होता, त्याला काय म्हणत होता, ते इचारायचाव. तुम्ही इचारलं का मला घर दिसायचं. मग म्या आठवड्याला एकच सांगायची. दोन सांगितले तर लौकर संपतील म्हणून."

मी चिठ्ठ्या धरलेला हात मांडीवर ठेवला. मला कबूल करणे भाग आहे की त्या क्षणीही माझ्या मनात पहिला विचार कोशाचाच आला : म्हणजे यातले काही तरी खरे असेल, ते निवडून काढता येईल. मी तिला म्हणालो, "आपण एकेक पाहू. कुठला घरातला, कुठला तुम्ही केलेला, कुठला कन्नडातला, एवढं मला सांगा." ती तयार झाली. सुरुवातीला काम मला हवे तसे चालले. एक चिठ्ठी ऐकून ती म्हणाली, "हे निंबीचं. बोबडं." दुसरीवर म्हणाली, "हे मालक म्हणायचे, मुद्दाम, मला चिडवाया." एका शब्दावर तिने जीभ चावली. "हे तर म्या तिथल्या तिथं केलं. तुम्ही घाई करत होताव." मी समासात खुणा करीत होतो, आणि हाताला पुन्हा नेहमीचा स्थिरपणा येत होता. पण बाराव्या-तेराव्या चिठ्ठीपासून तिची उत्तरे लांबू लागली. "हे निंबीचं आसंल... न्हाय, निंबीला ते बोलता येत न्हवतं. का माझ्या आईचं? मास्तर, आता कळंना." मी पुन्हा विचारले. तिने दोन्ही हातांनी कपाळ दाबले. "म्या केलं म्हणून मला वाटतंय, पण ते बोलताना निंबीचा आवाज येतोय. तीस वर्सांत एकात एक मिसळलं समदं. तुम्ही कुठलं खरं मागताव?" मी आग्रह धरला. मी म्हणालो, आठवा. मी एका बाईला, जिने सगळे घर ढिगाऱ्यातून वेचले होते, आठवा असे तीन वेळा म्हणालो. तिने तिसऱ्या वेळी शेंगांची पाटी बाजूला सारली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की माझी लेखणी कागदावरून उचलली गेली.

"तुमची वही भरली तवा तुम्ही यायचं बंद केलंव," ती म्हणाली. "म्या वाट बघितली. आखाड गेला, दसरा गेला. मग म्या म्हणले, असू दे. म्या इसरले तरी मास्तरच्या वहीत हाय. म्या निवांत झाले. आन् आता तुम्हीच मला इचारताव?"

 शहाण्णव साली मी का थांबलो हे मला नीट आठवत होते. शेवटच्या दोन रविवारी तिने काहीच सांगितले नव्हते, नुसता चहा केला होता, आणि परतताना मी डायरीत लिहिले होते : "सास्तूर, साक्ष संपली."

पुढच्या चिठ्ठीवरचा शब्द होता वाकी. मराठीत दंडावरचा दागिना. सास्तूरच्या कन्नडात, माळवदाच्या झरोक्यातून जमिनीवर पडणारा उन्हाचा गोल ठिपका. तो मी वाचला तेव्हा चन्नम्माने अंगणातल्या उन्हाकडे पाहिले. म्हैस शेपटीने माश्या वारीत होती. मग ती म्हणाली, "हा पक्का निंबीचा. सकाळी ऊन आत आलं का ती त्याच्यावर पाय ठेवायची, ते पायावर यायचं, पुन्हा काढायची. वाकी, वाकी करत घरभर. एवढा राहू द्या."

मी तिच्याशी वाद घातला. याची मला लाज वाटते, आणि तरीही तो वाद चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. मी म्हणालो की हा शब्द कन्नड नाही, मराठी नाही, कोणत्याच भाषेचा नाही. तो दुसरे कोणी बोलत नाही. ती म्हणाली, "दुसरं कोण बोलणार? बोलणारं गेलं." मी म्हणालो, कोश वाचणारा मनुष्य विश्वास ठेवून वाचतो, आपण त्याला एक भाषा म्हणून दाखवायचे आणि द्यायचे एका लेकराचे बोबडे बोल, हे त्याला फसवणे होईल, आणि कोणी एक दिवस या शब्दावर हसेल, अक्का, ते मला चालणार नाही. हे शेवटचे मी कशासाठी म्हणालो हे मला ठाऊक नाही. ते माझ्या मुद्द्यांत नव्हते. तिने विचारले, "हसंल?" मी म्हणालो, "हसतील." प्रस्तावना, परीक्षणे, परिषदा तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण हसणे तिला समजले. तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"मग काढा," ती म्हणाली. "पुस्तकातनं काढा. पण वहीतनं काढू नका."

मी शिवलीलेला फोन लावला तेव्हा साडेचार झाले होते. मी एकेक क्रमांक सांगू लागलो. दहाव्या क्रमांकापर्यंत ती नुसती हुंकार देत होती. मग म्हणाली, "सर, सगळे काढायचे? त्यात खरे बी असतील की चार-पाच." मी म्हणालो, "असतील." "मग?" "मला ते निवडता येत नाहीत. पुढे लिही, तीनशे चौदा." एखादा शब्द खरोखर त्या गावाचा असेल, गाडल्या गेलेल्या घरांतून चन्नम्माच्याच तोंडाने वाचला असेल, आणि आता माझ्या हाताने कायमचा जाईल, हे मला प्रत्येक क्रमांक उच्चारताना कळत होते, आणि मी थांबत नव्हतो. एकेचाळिसावा क्रमांक सांगून झाल्यावर मी तिला प्रस्तावनेचे चौथे प्रकरण संपूर्ण गाळायला सांगितले. "सर, सगळी पानं हलतील. पाचला कसं जाईल? छापखाना थांबणार न्हाय, म्हणाले होते. तारीख जाईल तुमची. आन् मधीच प्रकरण न्हाय म्हणल्यावर पुस्तक लंगडं दिसंल."

"दिसू दे. छापखान्याला मी कळवतो."

"आज्जी हाय का तिथं?" तिने हळूच विचारले. "रागावली का?" मी चन्नम्माकडे पाहिले. ती दुसरीकडे पाहत होती. मी म्हणालो, "नाही," आणि फोन बंद केला. छापखान्याला फोन केला. पलीकडचा माणूस सौजन्याने बोलला, आणि पुस्तक पुढच्या वर्षाच्या यादीतही धरता येईल का याची खात्री देता येत नाही, असे त्याने सांगितले. मी त्याचे आभार मानले. ही सगळी वाक्ये मी व्यवस्थित, पूर्ण आणि व्याकरणशुद्ध बोललो.

नंतर चिठ्ठ्या गोळा केल्या, पिशवीत नीट ठेवल्या, पिशवी खांद्याला अडकवली. लोहाऱ्याला जाणारी टमटम रस्त्याच्या टोकाला थांबून माणसे भरत होती. तिचा भोंगा ऐकू येत होता. चन्नम्माने पाटी पुन्हा मांडीजवळ ओढली होती.

"झालं तुमचं काम?" तिने विचारले.

"झालं."

"अजून काय इचारायचं ऱ्हायलं का?"

मी खरोखर आठवून पाहिले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्याजवळ विचारण्यासारखे काही उरले नव्हते.

"नाही, अक्का."

"मग बसा," ती म्हणाली, आणि शेंगांची अर्धी रास तिने माझ्याकडे सारली.